सॉसेजमधला मेंदू

सोमवारी सकाळी थर्मोकोलच्या खोक्यांतून नमुने येत. बर्फाच्या पिशव्यांमध्ये दडवलेल्या लेबरवुर्स्टच्या कांड्या, मेटवुर्स्ट, गोठवलेला खिमा, गुलाशचे डबे, कधी गुरांच्या गालांचं मांस. प्रत्येकावर सील, क्रमांक आणि मांसनिरीक्षकाची सही. मीठ जास्त आहे का, जंतू किती आहेत, हे दुसऱ्या विभागाचे लोक बघत. आमच्या टेबलावरचा प्रश्न एकच होता: ह्यात मेंदू किंवा मज्जारज्जू मिसळला आहे का?

हे काम मी जर्मनीत हेसेन राज्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत केलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडताना म्हशींचे माज, वासरांची हगवण, फार तर कोंबड्यांची लस एवढंच डोळ्यांपुढे होतं. नवऱ्याच्या नोकरीमागे जर्मनीला गेले. तिथे आपल्या पदवीवर लगेच जनावरांचा दवाखाना उघडता येत नाही, म्हणून भाषा शिकून मिळेल ती नोकरी धरली, आणि २००२ मध्ये मिळाली ती सॉसेज तपासण्याची. सासरी हे सांगताना आम्ही दोघांनी ‘अन्नतपासणी’ असा शब्द वापरायचं ठरवलं होतं. तो खोटा नव्हता.

जर्मनी त्या वेळी नुकती एका मोठ्या धक्क्यातून सावरत होती. मॅड काऊचा रोग, म्हणजे बीएसई, ब्रिटनमध्ये १९८६ साली वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत ओळखला गेला. गायी थरथरत, बिचकत, मागच्या पायांवर कोसळत. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूला भोकं पडलेली दिसत. कारण सापडलं ते खाद्यात. कत्तलखान्यातल्या टाकाऊ हाडामांसाचं पीठ गायींनाच चारलं जात होतं. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ते घालायला बंदी झाली आणि १९८९ मध्ये गुरांचा मेंदू, मज्जारज्जू वगैरे माणसाच्या अन्नातून बाद केले गेले. तरी ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांहून जास्त गुरांना हा रोग झाला. ‘माणसाला काही धोका नाही’ असं सरकार सांगत राहिलं. १९९० मध्ये शेतीमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला. २० मार्च १९९६ ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं, की दहा माणसांमध्ये मेंदूचा एक नवा आजार दिसला आहे आणि त्याचा बीएसईशी संबंध असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. त्या आजाराने ब्रिटनमध्ये पुढे १७८ बळी घेतले, बरेचसे तरुण.

जर्मन सरकार तोवर ‘आमच्याकडे हे नाही’ म्हणत होतं. २४ नोव्हेंबर २००० ला श्लेस्विग-होल्श्टाइनमधल्या एका गायीचा अहवाल आला. तिची तपासणी कुठल्या सक्तीमुळे झाली नव्हती, ती ऐच्छिक होती, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. दीड-दोन महिन्यांत शेतीमंत्री आणि आरोग्यमंत्री दोघांनीही राजीनामे दिले. मी गेले तेव्हाही काही दुकानांच्या काचांवर ‘आमच्या सॉसेजमध्ये गोमांस नाही’ अशा चिठ्ठ्या होत्या.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. आमच्या घरी साताऱ्याकडे चार म्हशी. सरकीची पेंड, भुसा, कडबा, उन्हाळ्यात मका मिळाला तर मका. बाबा थोडा वेळ गप्प राहिले.

“ढोराला ढोराचं मांस घालायचं कुणाच्या डोक्यात आलं?”

“प्रथिनासाठी, बाबा. सोयाबीन तिकडे फारसं पिकत नाही, बाहेरून विकत आणावं लागतं. हे पीठ स्वस्त पडायचं.”

“म्हणजे पेंड महाग म्हणून,” ते म्हणाले. नंतर विचारलं, “दुधातून येतं का?” नाही, असं मी सांगितल्यावरच त्यांचा आवाज मोकळा झाला. शेतकऱ्याने विचारावेत ते दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले होते. ह्या विषयावर मी जाडजूड अहवाल वाचले आहेत, पण खर्च आणि दूध ह्यांच्यापलीकडचा तिसरा महत्त्वाचा प्रश्न मला त्यांतही फारसा सापडला नाही.

नवीन माणसाला आमच्या कामाबद्दल पहिली शंका येते ती अशी: रोग शोधायचा तर रोगच शोधा, मेंदू का शोधता? मलाही ती आली होती. बीएसईचं कारण म्हणजे प्रायॉन, घडी चुकलेलं एक प्रथिन. ह्याच विषयातल्या कामासाठी स्टॅन्ली प्रूसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. कत्तलखान्यात प्रत्येक मोठ्या गुराची प्रायॉनसाठी झटपट चाचणी होतच होती. कवटीच्या तळाच्या भोकातून लांब दांड्याचा चमचा आत घालून मेंदूच्या देठाचा एक ठरावीक तुकडा काढतात, कारण प्रायॉन आधी तिथे साठतं. पण सॉसेजमध्ये तो तुकडा कुठून आणणार? शेकडो गुरांचं मांस एका घाण्यात दळलेलं, त्यात डुकराची चरबी, कांदा, मिरी. रोगट गाय असलीच तर हजारांत एखादी. शिवाय ती चाचणी रोगाच्या शेवटच्या टप्प्यातच बोलते. जनावर आतून बाधित असून वरून ठणठणीत दिसतं अशी वर्षं जातात आणि त्या काळात चाचणीला काहीच दिसत नाही.

म्हणून युरोपने दुसरी रेषा आखली. बाधित गायीतला विषाचा साठा बहुतेक सगळा मज्जासंस्थेत असतो. मेंदू आणि मज्जारज्जू हे दोनच मिळून सुमारे नव्वद टक्के. तेव्हा गाय रोगट आहे की निरोगी हा वाद घालत न बसता हे भाग सगळ्याच गुरांतून काढायचे, रंग ओतून त्यांच्यावर खूण करायची आणि ते जाळायचे. १ ऑक्टोबर २००० पासून हा नियम सगळ्या युरोपीय संघात आला. जिथे नियम आला तिथे तो पाळला जातो का, हे बघणारंही कुणी हवं. आम्ही ते होतो.

स्नायूत जवळजवळ नसतं आणि मेंदूत भरपूर असतं असं काहीतरी शोधणं, हे ह्या तपासणीचं मूळ. आमचा मुख्य साक्षीदार होता जीएफएपी नावाचं प्रथिन. मेंदूतल्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या सांगाड्यात ते असतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांसातला मेंदू शोधायला ते वापरून दाखवलं. जर्मनीत एर्न्स्ट ल्युकर यांच्या गटाने त्याआधीपासून दुसऱ्या वाटेने काम चालवलं होतं. मज्जापेशींमधलं एनोलेज नावाचं विकर आणि त्याच्या जोडीला चक्क कोलेस्टेरॉल. मेंदूत शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, मांसात सत्तर मिलिग्रॅमच्या घरात. आकडा वर गेला की संशय घ्यायचा. फक्त लेबरवुर्स्टमध्ये यकृत असतं, काही सॉसेजांत अंडं असतं, आणि दोघंही कोलेस्टेरॉल वाढवतात. संशयितांच्या यादीत निरपराध लोकच जास्त, अशी ती पद्धत. स्वस्त होती म्हणून मला आवडायची.

जीएफएपीचं किट आमच्या राज्यातल्याच डार्मश्टाटहून यायचं. कांडीच्या पाच-सहा ठिकाणचे तुकडे घेऊन एकजीव करायचे, त्यातलं थोडं द्रावणात घोळायचं, छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये थेंब सोडायचे. प्रतिपिंड जीएफएपीला पकडतं, दुसरं प्रतिपिंड त्याच्यावर बसतं, मग धुणं, पुन्हा धुणं. शेवटी रंगद्रव्य टाकलं की जिथे काही आहे तिथे निळं उमटतं. आम्लाचा थेंब पडताच ते निळं पिवळं होतं आणि यंत्र त्या पिवळ्याची गडदता मोजतं. आमच्या ज्येष्ठ सहायक बाई यंत्राआधीच प्लेट खिडकीपाशी धरून आकडा सांगत. त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. धुण्याबाबत मात्र त्या कुणाचं ऐकत नसत. खोटे निकाल आळशी हातातून येतात, असं त्या म्हणत आणि नवख्याकडून सगळी प्लेट पुन्हा करून घेत.

तुलनेसाठी आम्ही स्वतः सॉसेज बनवायचो. शुद्ध मांस, त्यात मोजून मेंदू: हजारात एक भाग, दोन, चार. मग तीच मिश्रणं कच्ची, उकडलेली आणि डबाबंद करून तपासायची. इथे एक गोष्ट लक्षात आली. उष्णतेने प्रथिनाचा आकार बिघडतो आणि प्रतिपिंडाला ते ओळखू येईनासं होतं. कच्च्या खिम्यात स्पष्ट दिसणारा मेंदू डब्यातल्या गुलाशमध्ये फिका पडायचा. प्रायॉन मात्र उष्णतेला दाद देत नाही. टाकाऊ मांसाच्या कारखान्यांना १३३ अंश, तीन बार दाब आणि वीस मिनिटं असा नियम घालून द्यावा लागला तो त्याचसाठी. म्हणजे शिजवल्यावर आमचा साक्षीदार गायब व्हायचा आणि आरोपी शाबूत राहायचा. अशा नमुन्यांसाठी मेंदूतली लांब साखळीची स्निग्धाम्लं मोजायची पद्धत होती. ती उष्णतेला टिकतात, पण ते काम वेळखाऊ आणि महाग.

माझ्या मनात रेंगाळत राहिला तो आकड्यांचा एक मेळ, किंवा मेळ नसणं. आमची चाचणी ०.१ टक्क्यापासून खात्रीने बोलायची. एक किलो खिम्यात एक ग्रॅम. आणि वेब्रिजच्या प्रयोगात बाधित गायीच्या मेंदूचा एक मिलिग्रॅम वासराला खाऊ घालून रोग झालेला आहे. मधे हजारपटीचं अंतर. आमच्या अहवालावर ‘आढळले नाही’ लिहिलेलं असायचं आणि कारखानदार ते ‘सुरक्षित आहे’ असं वाचायचा. वर्तमानपत्रं उलट वाचायची. ‘आढळले’ म्हणजे त्यांच्या लेखी विषारी. वास्तविक त्या मेंदूचं जनावर निरोगी असण्याचीच शक्यता फार मोठी. आम्ही विष मोजत नव्हतो. कुणाचा तरी हात, कुणाची तरी करवत जिथे जायला नको होती तिथे गेली का, एवढंच आमच्या पिवळ्या रंगातून कळायचं. तेवढं कळणंही पुष्कळ आहे, असं माझं आजचं मत आहे. पण अहवालाच्या तळाशी हे दोन वाक्यांत छापावं, ही माझी सूचना वरिष्ठांनी कधी मनावर घेतली नाही. ग्राहक गोंधळतील म्हणे.

करवतीचं म्हणायचं तर मी पहिल्यांदा कत्तलखान्यात गेले तेव्हा समजलं. सोललेलं धड उलटं टांगलेलं असतं आणि पट्ट्याची करवत त्याला शेपटापासून मानेपर्यंत बरोबर मधून चिरत जाते, म्हणजे बरोबर मज्जारज्जूमधून. पांढरा गर करवतीच्या पात्याला लागतो, पाण्याच्या फवाऱ्यात मिसळतो, दोन्ही बाजूंच्या मांसावर उडतो. मग एक माणूस सुरीने उरलेला रज्जू खरवडून काढतो. काही ठिकाणी चिरण्याआधीच नळी घालून तो शोषून घ्यायचे. नेफ्यातून नाडी ओढावी तसा तो बाहेर येताना मी पाहिला आहे. तो प्रकार खूपच स्वच्छ. पण यंत्राला पैसे लागतात आणि ओळीचा वेग कमी होतो. सुरी चालवणाऱ्यांतले बरेच पूर्व युरोपातून आलेले, कंत्राटावरचे. तासाला किती धडं हे त्यांनी ठरवलेलं नसतं.

हाडाला चिकटलेलं मांस यंत्राने दाबून काढणं ही आणखी वेगळी गोष्ट. कण्याच्या मणक्यांजवळ मज्जातंतूंच्या गाठी लपलेल्या असतात. मणके दाबले की त्या मांसाबरोबर येतातच. युरोपने गुरांच्या हाडांपासून असं मांस काढणंच बंद केलं. अमेरिकेने अटी घालून चालू ठेवलं. तिथल्या कृषी खात्याने २००२ मध्ये अशा गोमांसाची पाहणी केली तेव्हा सुमारे ३५ टक्के नमुन्यांत नको ती मज्जासंस्था सापडली. तो अहवाल आमच्याकडे चहाच्या टेबलावर फिरला तेव्हा कुणी हसलं नाही. त्यानंतर २३ डिसेंबर २००३ ला वॉशिंग्टन राज्यात अमेरिकेची पहिली बीएसई गाय जाहीर झाली आणि तीन आठवड्यांत नियम कडक झाले.

दोन प्रकरणं सांगण्यासारखी आहेत. एका कारखान्याच्या सॉसेजचा नमुना लागोपाठ पिवळा येत होता. कच्चा माल तपासला, स्वच्छ. कारखान्याच्या वकिलाचं पत्र आलं, की हा मेंदू डुकराचा असणार. त्यात तथ्य असू शकत होतं. डुकराचा मेंदू तिथे बंद नाही. बव्हेरियातल्या गेल्बवुर्स्टमध्ये पूर्वी तो घालतच असत. जीएफएपी सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असतं आणि आमचं प्रतिपिंड गाय-डुक्कर असा भेद करत नव्हतं. २००३ मध्ये हानोवरच्या संशोधकांनी जीएफएपीच्या आरएनएवरून फक्त गुरांचा मेंदू ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तिचा ह्या पेचात उपयोग झाला. निकाल डुकराचाच निघाला. वकील जिंकला, पण अर्धाच: वेष्टनावर घटकांच्या यादीत मेंदू लिहिलेला नव्हता, आणि त्याचा दंड वेगळा असतो. ह्याच वकिलांच्या जातीतला दुसरा युक्तिवाद जास्त अवघड होता. बंदी बारा महिन्यांवरच्या गुराच्या मेंदूला आहे, हा वासराचा असेल तर? मेंदूचं वय सांगणं आमच्या किटच्या आवाक्यातलं नव्हतं.

दुसरं प्रकरण गालांच्या मांसाचं. एका कत्तलखान्याकडून येणारं मांस मधूनच पिवळं यायचं, आणि कधीच सलग नाही. सुरी, हात, टेबलं सगळं तपासून झालं. मग आमच्या विभागप्रमुखांनी मला एक दिवस तिथे नुसतं उभं राहून बघायला पाठवलं. जनावराला बेशुद्ध करताना कपाळावर खिळ्याच्या पिस्तुलाने भोक पाडतात. पुढे शिरं हुकांना लटकून ओळीने सरकतात. एखादं शिर वळणावर हिंदकळलं की त्या भोकातून गुलाबीसर पाझर गालावरून ओघळायचा. तेवढाच. शिर सरळ असलं तर काहीच नाही. भोक बुचाने बंद करावं, असा नियम युरोपीय कायद्यात आहे. तिथे बुचं होती, पण टोपलीत. ती वापरात आल्यावर नमुने स्वच्छ यायला लागले. प्रयोगशाळेत बसून मी हे कधीच ओळखलं नसतं.

सुट्टीवर घरी आले की भाऊ मुद्दाम विचारायचा, “ताई, मग भेजा खायचा की नाही?” मुंबईत महंमद अली रोडवर तव्यावरचा भेजा खाणाऱ्यांपैकी तो. माझं उत्तर असं, की आपण खातो तो बकऱ्याचा. मेंढ्यांचा स्क्रेपी हा ह्याच कुळातला आजार अडीचशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे आणि तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही. युरोपने वर्षावरच्या शेळ्या-मेंढ्यांचाही मेंदू बंद केला तो गायीचा रोग त्यांच्यात शिरला असेल ह्या धास्तीने, आणि फ्रान्समधल्या एका बोकडात २००५ मध्ये ती खरी ठरली. भारतात बीएसई आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरलं. त्यामागे आपली ढोरं पेंडीवर आणि कडब्यावर जगतात हे मोठं कारण आहे, म्हणजे बाबांचंच गणित. तेव्हा खुशाल खा. मी खात नाही, पण ते मला त्याचा लिबलिबीतपणा सोसत नाही म्हणून.

आता बीएसई जवळजवळ संपला आहे. जर्मनीत सगळे मिळून चारशेच्या वर गुरं निघाली आणि त्या मानवी आजाराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. २०१३ पासून युरोपीय संघाने सदस्य देशांना निरोगी गुरांची झटपट चाचणी थांबवायची मुभा दिली. तो निर्णय मला मान्य आहे. लाखो चाचण्या करून हाती काही लागत नसेल तर त्या पैशाला दुसरी कामं आहेत. पण त्याबरोबर सॉसेजमधला मेंदू शोधणंही कमी होत गेलं, हे मला पटत नाही. म्हाताऱ्या गायींमध्ये खाद्याशी संबंध नसलेला, आपोआप उद्भवणारा बीएसई अधूनमधून निघतो. जर्मनीत २०१४ मध्ये असे दोन निघाले, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये २०२३ साली. निरोगी दिसणाऱ्या जनावराची चाचणी आता होत नाही. अशा वेळी माणसाच्या ताटाला राखायला उरतो तो एकच नियम: मेंदू आणि मज्जारज्जू काढा आणि जाळा. तो नियम पाळला जातो का हे बघणारी तपासणी जनावरांची चाचणी चालू असतानापेक्षा आज जास्त व्हायला हवी. ती कमी होते आहे, आणि ते चूक आहे.